प्रार्थनेची उधारी

बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर एक सहकारी होते. डबा आम्ही एकत्र खायचो. मी ख्रिस्ती म्हणून ते मला ‘पास्टर’ म्हणायचे, आणि ते एकादशी चुकवत नसत म्हणून मी त्यांना ‘महाराज’. एका सोमवारी महाराजांनी डबा उघडलाच नाही. वहिनींच्या पोटात गाठ निघाली होती. गुरुवारी ऑपरेशन, आणि गाठ कसली आहे ते तपासणीनंतर कळणार. काय बोलावं मला सुचेना. मग आम्हा लोकांच्या तोंडात जे वाक्य कायम तयार असतं तेच बोललो, “काळजी करू नका. मी प्रार्थना करतो.”

आणि विसरलो.

साफ विसरलो. मार्चअखेर होती, रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत ताळे जुळवत बसायचो. घरी आल्यावर जेवण आणि झोप. गुरुवार आला आणि गेला. पुढच्या आठवड्यात महाराज पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आले. गाठ साधी निघाली होती. मॅनेजरसाहेबांच्याही आधी त्यांनी बॉक्स माझ्यापुढं धरला. म्हणाले, “पास्टर, मी दगडूशेठला बोललो होतो, दर्ग्यात चादरही कबूल केली होती. पण तुमचं वेगळं. तुम्ही मागं लागून मागणार, म्हणून मी निर्धास्त होतो.”

मी पेढा घेतला. “देवाची कृपा,” म्हणालो. पेढा चांगला होता, हे अजून आठवतं, आणि लाज वाटते ती त्याचीच.

आयुष्यभर दुसऱ्यांची थकबाकी मोजत बसलेल्या माणसाला आपली थकबाकी कळायला हवी होती. पण हे वाक्य आमच्यात इतकं स्वस्त झालंय की ते आपण उधारीवर देतो, हेच लक्षात येत नाही. उपासना संपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर उभं राहून बघा. (आम्ही मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. नव्या मुलांना ते विचित्र वाटतं, मला नाही.) पाच मिनिटांत पाच जण पाच जणांना सांगतात, ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो हं.’ आता तर बोलायचीही गरज नाही, मोबाइलवर दोन जोडलेले हात पाठवले की झालं. मंडळीच्या ग्रुपवर कुणाच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूची बातमी आली की अर्ध्या मिनिटात चाळीस जोडलेले हात. त्यातल्या किती जणांनी त्या रात्री मोतीबिंदू हा शब्द देवापुढं उच्चारला असेल, याचा हिशेब मी मांडत नाही, कारण त्या चाळिसांत मी असतो.

प्रार्थनासभेतल्या विनंत्यांची तर वेगळीच गंमत. ‘अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा, जास्त काही सांगत नाही,’ असं कुणी म्हटलं की सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि कान टवकारलेले. काही जण तर देवालाच बातम्या देतात. ‘हे प्रभू, तू जाणतोसच की परवा नगरला सोनोग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले...’ तो जाणतोच म्हटल्यावर हे सांगणं कुणासाठी?

माझ्या आजीला हे अजिबात खपत नसे. आजी नगर जिल्ह्यात बायबलबाई होती. आता हा शब्द विरत चाललाय. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं. पुढं मिशनच्या लक्षात आलं की घराच्या आतल्या बायकांपर्यंत पुरुष उपदेशक पोचूच शकत नाहीत. मग थोडंफार शिकलेल्या ख्रिस्ती बायकांना तुटपुंज्या पगारावर नेमून वाड्यावस्त्यांवर पाठवू लागले. त्या शास्त्र वाचून दाखवायच्या, अक्षरं शिकवायच्या, आजाऱ्याला बघायच्या. माझ्या वाट्याला आजी आली ती निवृत्तीनंतरची, पण तिची फिरायची सवय गेली नव्हती. सुट्टीत मी तिच्या पिशवीला धरून मागं मागं असायचो.

एकदा वस्तीवरच्या एका बाळंतिणीकडं गेलो होतो. बाई तापानं फणफणलेली, पोर रडत होतं. मला वाटलं, आता आजी गुडघे टेकणार. आजीनं आधी चुलीत बघितलं. मग रांजणात. दोन्ही रिकामे. तिनं मला हंडा देऊन आडावर पिटाळलं, स्वतः काटक्या गोळा केल्या, पाणी तापवलं, पोराला पुसून घेतलं, पिठाचा डबा शोधून चार भाकरी थापल्या. हे सगळं होईतो ऊन कलायला आलं. मग बाईच्या कपाळावर हात ठेवून ती म्हणाली, “बापा, हिला ताप आहे. दूध पुरंना. तू बघ. येशूच्या नावानं, आमेन.”

बस्, एवढंच. वाटेत मी तक्रार केली की आपले पाळक एवढी मोठी प्रार्थना करतात आणि तू एवढीशी. आजी म्हणाली, “त्याला माहीत न्हाई व्हय? माहीत आपल्याला नसतं. म्हणून आधी चूल बघायची.”

पक्षाघाती माणसाची गोष्ट मी पहिल्यांदा आजीकडूनच ऐकली. मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्याच अध्यायात ती येते. कफर्णहूम गावात येशू एका घरात बोलतोय, दारात मुंगीला शिरायला वाव नाही. चौघं जण एका लुळ्या माणसाला बाजेवर घालून आणतात. आत जाता येत नाही म्हणून छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात. आम्ही माळवदाच्या घरात वाढलेली माणसं. खाली लाकडं, वर मातीचा थर, उजेडासाठी मध्ये एक भोक. त्यामुळं हे दृश्य आम्हाला चित्रात बघावं लागलं नाही. माळवद उकरलं की काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. खालच्यांच्या डोक्यावर ढेकळं, डोळ्यांत माती, आणि वर्षानुवर्षं धूर खाऊन काळ्या झालेल्या लाकडांची भुकटी. आजी गोष्ट सांगताना हमखास थांबायची आणि विचारायची, “पर ते माळवद मागनं नीट कुणी केलं?” याचं उत्तर शास्त्रात नाही. आजीचं म्हणणं, त्याच चौघांनी केलं असणार. दुसऱ्याचं घर फोडून जाणाऱ्यातले ते नव्हते.

मोठेपणी ती गोष्ट स्वतः वाचली तेव्हा दोन गोष्टी टोचल्या. पहिली म्हणजे ते चौघं अख्ख्या गोष्टीत एक शब्दही बोलत नाहीत. दुसरी अशी की, येशू लुळ्या माणसाशी बोलतो ते ‘त्यांचा’ विश्वास पाहून. त्या माणसाचा स्वतःचा विश्वास होता की नव्हता, मार्क सांगत नाही. कदाचित तो बाजेवर पडल्या पडल्या ‘राहू द्या, मला घरी न्या’ म्हणत असेल. दुसऱ्याच्या विश्वासावर माणूस आत जाऊ शकतो, असं हे शास्त्र सरळ म्हणतं. देवाशी ज्याचा त्याचा व्यवहार, असं मानणाऱ्याला हे अवघडच वाटावं. मला तर ते अजूनही पुरतं झेपत नाही.

येशूबद्दल शुभवर्तमानं पुन्हा पुन्हा सांगतात की लोकांचे समुदाय पाहून त्याला ‘कळवळा’ आला. मराठी शास्त्रातला हा शब्द मला फार आवडतो. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेलं आहे. म्हणजे दया ही मनात किंवा डोक्यात होत नाही, पोटात होते. हे ग्रीक शिकणाऱ्या इंग्रज मुलांना समजावून द्यावं लागत असेल. आपल्याकडं कुठलीही आई सांगेल, ‘त्याचं ते तोंड बघून माझं आतडं तुटलं.’ हिब्रूत करुणेला जो शब्द आहे तो गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेला आहे, आणि हिंदी सिनेमामुळं आपल्या तोंडी बसलेला ‘रहम’ त्याच कुळातला. तेव्हा मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली, प्रार्थना म्हणजे देवाकडं दुसऱ्याचा अर्ज पुढं सरकवणं नव्हे. अर्ज सरकवताना आतडं तुटत नाही, हे मी तीसेक वर्षांच्या नोकरीच्या अनुभवावरून सांगतो.

पंडिता रमाबाईंचा मुक्ती मिशन पुण्याहून दौंडकडं जाताना केडगावला लागतो. लहानपणी मंडळीच्या सहलीला आम्हाला तिथं नेलं होतं, तेव्हा माझं सगळं लक्ष डब्यातल्या पुऱ्यांवर होतं. नंतर वाचलं तेव्हा जागा उमगली. रमाबाई सोळाएक वर्षांच्या असताना त्यांचे आईवडील दुष्काळात, उपासमारीनं गेले. पुढं 1896–97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ, विधवा मुलींना घेऊन आल्या. एक-दोन नाही, शेकडो. नंतर गुजरातच्या दुष्काळातल्या आल्या. या बाईनं दुष्काळ ऐकलेला नव्हता, सोसलेला होता. त्या मुलींकडं बघताना तिच्या आतड्यांना काय झालं असेल, त्याला ग्रीक कशाला लागतंय?

याच केडगावला 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण बसेल म्हणून विचारलं. सुरुवातीला 70 जणी बसल्या, जूनपर्यंत 550 झाल्या. त्यातून तिथं श्रद्धेची जी लाट उसळली, तिला ‘पुनरुज्जीवन’ म्हणतात; तिच्या कथा ख्रिस्ती जगात पुष्कळ सांगितल्या जातात, रडणं, जाळ दिसणं वगैरे. मला त्यात फारसा रस नाही. मला धरून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. त्या मुली याद्या करून, नाव घेऊन प्रार्थना करायच्या. कधी न बघितलेल्या, दूर कुठल्या तरी गावात काम करणाऱ्या माणसांची नावं. ज्या मुलींची स्वतःची नावं दुष्काळात कुणी लिहून ठेवली नव्हती, त्या पहाटे उठून परक्यांची नावं घेत होत्या. दिवसा याच मुक्तीत बायका दळण, विणकाम, छपाई शिकत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून एकहाती आणलेलं मराठी बायबल तिथंच छापलं गेलं. ते पुरं छापून झालं 1924 मध्ये, बाई जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

नावावरून आठवलं. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या महिला मंडळात जागतिक प्रार्थना दिन असतो. 1927 पासून तो जगभर पाळला जातो. दरवर्षी एका देशातल्या बायका उपासना लिहितात आणि बाकीच्या देशांतल्या बायका त्यांच्यासाठी तीच म्हणतात. 2018 मध्ये पाळी सुरिनामची होती. माझी मावशी मंडळाची सेक्रेटरी. तिला आधी वाटलं हे मलमाचं नाव आहे. मग नातवाचा नकाशा काढून बसली. दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर एवढासा ठिपका. नातवानं मोबाइलवर वाचून दाखवलं की 1873 पासून तिथं भारतातून मजूर नेले होते, उसाच्या मळ्यांवर. मावशीचे वडील, म्हणजे माझे आजोबा, साखर कारखान्याच्या तोडीवर जायचे. मावशी एकदम सावरून बसली. “म्हंजे ऊसतोडीवाल्यांच्याच लेकी की ह्या,” म्हणाली. त्या शुक्रवारी पाळकीणबाईंनी छापील उपासना वाचली, पण मावशीनं शेवटी आपलं एक वाक्य घुसडलंच, की बापा, तिथल्या बायांच्या हाताला पाचट लागत असेल तर लागू देऊ नको. सुरिनाममध्ये आता कोण ऊस तोडतं मला माहीत नाही. मावशीलाही नव्हतं. पण तिला चूल दिसली होती.

यानंतर जे सांगायचंय ते सांगावंसं वाटत नाही.

2021 चा एप्रिल. आमच्या मंडळीनं साखळी प्रार्थना सुरू केली. चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडायचे, एकेकानं एकेक घ्यायचा, दिवसरात्र खंड पडू द्यायचा नाही. माझी पाळी रात्री अडीच ते तीन. रोज संध्याकाळी ग्रुपवर यादी यायची : नाव, वय, गाव, ऑक्सिजन किती, बेड मिळाला का, इंजेक्शन मिळालं का. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या तयारीनं, तोंड धुऊन बसायचो. दुसऱ्या आठवड्यात यादी इतकी लांबली की अर्ध्या तासात नुसती नावं वाचून व्हायची. एका रात्री गजर बंद करून झोपलो. उठलो तेव्हा साडेपाच. साखळी माझ्याकडं तुटली होती.

आणि मग ते निरोप यायला लागले. ‘अमुक काकांचं नाव यादीतून काढा.’ एवढंच. काका बरे होऊन घरी आले म्हणून काढायचं, की... विचारायची छाती कुणाची होत नव्हती. आनंदाची बातमी असती तर ‘प्रभूची स्तुती असो’ असं पुढं असतं, म्हणून आम्ही ते शब्द शोधायचो. नसले की कळायचं. मी बॉलपेननं यादीवर रेघ ओढायचो. रेघ ओढलेल्यांत एक माझा वर्गमित्र होता. त्याच्यासाठी तर मी पाळी नसतानाही, उपाशी राहून प्रार्थना केली होती. पेढेवाल्या वहिनींसाठी एक शब्द काढला नव्हता, त्या वाचल्या. याच्यासाठी जीव ओतला, तो गेला. ही वजाबाकी मला अजून जमलेली नाही.

तेव्हा वसईच्या एका कॅथलिक मित्राशी फोनवर बोलत होतो. आम्ही प्रोटेस्टंट मृतांसाठी प्रार्थना करत नाही, ते करतात. यावरून आमचे जुने वाद आहेत. त्याला या ‘यादीतून काढा’विषयी सांगितलं. तो म्हणाला, “आमच्यात काढत नाहीत. नाव नुसतं दुसऱ्या यादीत जातं. नोव्हेंबरच्या दोन तारखेला येऊन बघ, कबरस्तानात मेणबत्त्या कशा लावतात.” धर्मशास्त्राच्या दृष्टीनं मी त्याच्याशी सहमत नाही. त्या वर्षी मात्र वाद घातला नाही.

अशा वेळी डोक्यातला कारकून जागा होतो आणि विचारतो, मोजून बघितलंय का कुणी? बघितलंय. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज गृहस्थानं 1872 मध्येच हिशेब मांडला की राजाच्या दीर्घायुष्यासाठी तर देशभर देवळादेवळांत प्रार्थना होते, पण खात्यापित्या वर्गातल्या लोकांत सर्वांत कमी जगतात ते राजेच. मग 2006 मध्ये अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतल्या 1802 बायपास रुग्णांवर केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन गट पाडले होते. एका गटासाठी प्रार्थना झाली आणि एकासाठी नाही, पण आपण कुठल्या गटात हे या दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्यात गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, 52 आणि 51 टक्के. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे’ असं सांगितलं होतं. त्यांच्यात 59 टक्के.

हे वाचून आमच्यातले काही चिडतात, काही नजर चुकवतात. मी चिडलो नाही. मला फक्त एक बारीक तपशील खटकला. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर दिलं होतं. मुदत चौदा दिवस, आणि ऑपरेशन सुखरूप होवो, लवकर बरं वाटो या अर्थाचं ठरलेलं वाक्य. यात त्यांचा दोष नाही, प्रयोग असाच करावा लागतो. पण आजीला सांगितलं असतं की ‘जॉन के.’साठी प्रार्थना कर, तर ती आधी विचारती, “त्याच्या घरी चुलीवर कोण आहे?” ते कळल्याशिवाय ती डोळे मिटती ना. याचा अर्थ तिच्या प्रार्थनेनं टक्केवारी बदलली असती, असा मी म्हणत नाही. त्या बाळंतिणीचं पोर पुढं जगलं नाही, हे मी वर सांगायचं टाळलं होतं. आजी तरीही त्या वस्तीवर जात राहिली. महिनाभर, भाकऱ्या थापायला.

गेल्या वर्षी महाराज रस्त्यात भेटले. दोघंही निवृत्त, दोघांच्या हातात औषधांच्या पिशव्या. चहा घेतला. आणि का कोण जाणे, मी सांगून टाकलं. म्हटलं, तो पेढा माझा नव्हता. त्या वेळी मी तुमच्या घरासाठी प्रार्थना केलीच नव्हती, विसरलो होतो, आणि इतकी वर्षं तोंड उघडलं नाही.

महाराजांनी बशीतला चहा संपवला. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “मग आता करा. मंगळवारी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. शुगर आहे, डॉक्टर भीती घालतायत. मुलगा पुण्यात नाही, आणि मला एकट्याला रात्री तिथं बसवत नाही.”

“मंगळवारी रात्री मी येतो,” मी म्हणालो. मग खिशातून विजेचं बिल काढलं, पाठकोरं होतं. पेन काढलं आणि थांबलो. सतरा वर्षं एका टेबलाशी डबा खाल्ला होता, त्यांच्या घरची मटकीची उसळ मला चवीवरून ओळखता आली असती.

“महाराज,” मी विचारलं, “वहिनींचं नाव काय हो?”